स्मृतिभ्रंश : आजाराची वाटचाल

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) : मेंदूतील पेशी निकामी होऊन स्मरण, भाषा, दिशांचे भान व निर्णयशक्ती ढासळत जाणारी व्याधी. ‘वय झालं आता’ म्हणून घरोघरी तिच्याकडे काणाडोळा होतो, ही फार मोठी हानी आहे. भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना ती असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराला, १९०६ मध्ये त्याची पहिली नोंद मांडणाऱ्या आलॉइस अल्झायमर यांचे नाव आहे.

अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर झिजतो. म्हणून ताजे आधी जाते, जुने टिकते. कोल्हापुरातले ऐंशीच्या घरातले आजोबा पहिले हिंदकेसरी (१९५९) श्रीपती खंचनाळे यांच्याविषयी रंगून बोलतील. २०१९ च्या महापुराचे मात्र त्यांना काही सांगता येणार नाही, आणि सकाळचा चहा झाला की नाही तेही. तोच प्रश्न पाच मिनिटांत पुन्हा येतो, सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकतो.

मधली अवस्था बहुधा सर्वांत लांबते आणि घरच्यांना फार जड जाते. आयुष्यभर पायाखालचा असलेला महाद्वार रोड अनोळखी होतो. तिन्हीसांजेला घालमेल वाढते. स्वतःच्याच घरात बसून ‘घरी जायचंय’ असा धोशा लागतो, सुनेवर चोरीचा आळ येतो. वाद घालून काही पटत नाही. विषय बदलावा, हात धरून अंगणात चार पावले फिरवावे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित हत्तीमागे निघून जातात, ते याच सुमारास.

पुढे बोलणे, चालणे आणि अखेर गिळणेही अवघड होते. न्यूमोनिया हे मृत्यूचे नेहमीचे कारण.

सर्वांची वाट सारखी नसते. रक्तवाहिन्यांशी निगडित प्रकारात उतार पायरीपायरीने येतो. काही प्रकारांत विसरण्याआधी स्वभाव बदलतो. एका रात्रीत बिघाड झाला तर मात्र मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा नवे औषध यांचा संशय घेऊन तातडीने डॉक्टर गाठावा. बी-१२ ची कमतरता, मंदावलेले थायरॉइड व नैराश्य यांनी होणारा विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो, त्यामुळे या तपासण्या आधी व्हाव्यात. डोनेपेझिलसारखी औषधे काही काळ आधार देतात, आजार बरा करत नाहीत.

मृत्युपत्र, बँकेची कामे आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार प्रतिनिधी नेमणे सुरुवातीच्या अवस्थेतच उरकावे; पुढे सही जमली तरी ती समजून केली होती का, यावर वाद उभा राहतो.