हिऱ्याची पारख : ठक्कुर फेरूपासून आजपर्यंत

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा विषय कोणता निवडावा, हा प्रश्न पडला. माझे सारे आयुष्य कापडाच्या दुकानात गेले. सूत, पोत आणि रंग यांपलीकडे माझा अधिकार नाही. तरीही हिऱ्याच्या पारखेवर लिहिण्याचे धाडस करीत आहे. त्याला कारण घरातील एक जुना प्रसंग आहे.

सन १९९८ मध्ये मातोश्रींच्या हिऱ्याच्या कुड्या नव्या घडणीत करून घेण्यासाठी आम्ही एका कारागिराकडे नेल्या. जुन्या घडणीत खड्यांची मागील बाजू सोन्याने बंद केलेली होती. ती उघडताच खड्यांखालून चकाकता पत्रा निघाला आणि आजवर पांढरेशुभ्र भासणारे हिरे उजेडात पिवळसर दिसू लागले. एका खड्याला तर कडेपासून आतपर्यंत चीर होती. मागे पत्रा लावणे ही जुन्या घडणीतील सर्वमान्य रीत होती, त्यात लबाडी नव्हती. परंतु हिरे पिवळसर आहेत, एकाला चीर आहे, हे विकताना सांगितले गेले नव्हते आणि किंमत मात्र शुभ्र, निर्दोष हिऱ्याची घेतली होती. मातोश्री एवढेच म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी ओळखीवर घेतल्या होत्या." तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. हिऱ्याच्या पारखेचा इतिहास चाळताना आपल्याच समाजातील एका थोर पुरुषाची ओळख झाली. ती सर्वांना व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

प्राचीन रत्नशास्त्र

हिरा जगाला प्रथम भारताने दिला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाच्या बाजारातील बहुतेक सर्व हिरा आपल्याच देशातून जात असे. साहजिकच त्याच्या परीक्षेचे शास्त्रही येथेच जन्मले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशाध्यक्षाने कोणता हिरा उत्तम मानावा हे सांगितले आहे. तो मोठा, वजनदार, आघात सहन करणारा, समान कोनांचा, भांड्यावर ओरखडा उमटविणारा आणि तेजस्वी असावा. कोन झिजलेला, कडा नसलेला किंवा एका अंगाला कललेला हिरा कनिष्ठ होय.

पुढे बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षेत आदर्श हिऱ्याचे वर्णन सहा टोके, आठ बाजू आणि बारा धारा असे येते. आजच्या भूमितीत ज्याला अष्टफलक म्हणतात, तोच हा आकार. निसर्गात हिऱ्याचा स्फटिक बहुधा याच रूपात सापडतो, हे आमच्या पूर्वजांनी किती बारकाईने पाहिले होते! दोषांचीही नावे ठरलेली होती. मल म्हणजे आतील मळ, बिंदू म्हणजे ठिपका, यव म्हणजे जवाच्या आकाराचा डाग, रेखा म्हणजे चीर आणि काकपद म्हणजे कावळ्याच्या पावलासारखी खूण. आजचा जवाहिऱ्या भिंगातून जे शोधतो, ते याहून फारसे वेगळे नाही.

हिऱ्याच्या उत्पत्तिस्थानांच्या प्राचीन यादीत शूर्पारकाचे, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचे नाव आहे. तेथे खाण नव्हती. प्राचीन काळी ते मोठे बंदर होते. बंदरात मिळणारा माल त्या बंदराच्याच नावाने ओळखला गेला असावा. प्रत्यक्ष खाण म्हणावी तर ती गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडला होती. अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात तिचा उल्लेख केला आहे.

किमतीचा हिशेब तर आम्हा व्यापाऱ्यांनी लक्षपूर्वक पाहावा असा आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत पांढऱ्या मोहरीच्या आठ दाण्यांचा एक तंदुल धरला आणि २० तंदुल वजनाच्या हिऱ्याचे मूल्य दोन लक्ष सांगितले. वजन निम्मे, म्हणजे १० तंदुल झाले की मूल्य एक पंचमांश होते, आणि २ तंदुलांवर आले की एक सहस्रांशच उरते. कापड मीटरवर विकले जाते, दुप्पट कापडाला दुप्पट दाम. हिऱ्याचे तसे नाही. मोठा खडा दुर्मिळ म्हणून त्याचा दर वजनागणिक चढत जातो. आजही अर्ध्या कॅरटचे दोन हिरे मिळून त्याच प्रतीच्या एका कॅरटच्या हिऱ्याची किंमत होत नाही.

अर्थात जुन्या ग्रंथांतील सर्वच गोष्टी खऱ्या नव्हेत. उत्तम हिरा पाण्यावर तरंगतो, असे त्यांत म्हटले आहे. वास्तविक हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड असतो, तो बुडणारच. म्हणून ग्रंथ वाचावा, पण खडा स्वतः पाहावा. नेमके हेच करणारा एक पारखी आपल्या समाजात होऊन गेला.

ठक्कुर फेरू

ठक्कुर फेरू हा श्रीमाल कुळातील जैन श्रावक, खरतरगच्छाचा अनुयायी. दिल्लीच्या खिलजी सुलतानांच्या पदरी, खजिना आणि टांकसाळ यांच्याशी संबंधित अशा कामावर तो होता. विक्रम संवत १३७२, म्हणजे इ.स. १३१५ मध्ये त्याने 'रयणपरिक्खा' हा ग्रंथ प्राकृत भाषेत लिहिला. रयणपरिक्खा म्हणजेच रत्नपरीक्षा. त्याने तो आपला पुत्र हेमपाल याच्यासाठी रचला. पित्याने मुलाच्या हाती धंद्यातील मर्म द्यावे, अशी ही गोष्ट आहे.

बुद्धभट्ट, अगस्त्य आणि बृहस्पती या पूर्वाचार्यांचे ऋण फेरू मान्य करतो. परंतु त्याबरोबरच अल्लाउद्दीनच्या भांडारातील समुद्रासारखी रत्नसंपदा आपण स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे, हेही तो सांगतो. त्या भांडारात आपल्या भूमीतील धनही होते. इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीनाने देवगिरीवर स्वारी केली, तेव्हा रामदेवराय यादवाकडून सोने, मोती आणि रत्ने यांची प्रचंड खंडणी नेली होती. पुढे वरंगळच्या काकतीयांची संपत्तीही दिल्लीस गेली. दक्षिणेची लूट उत्तरेत पोहोचली आणि तिची नोंद ठेवणाऱ्यांत एक जैन श्रावक होता, हा इतिहासाचा विलक्षण योग होय.

फेरूने इराणी व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या लाल, पिरोजा यांसारख्या रत्नांची माहिती दिली आणि त्या वेळच्या चलनात वजनवार किमतींची कोष्टके दिली. प्राचीन शास्त्रकारांचे आदर्श हिरे बाजूला ठेवून आज बाजारात काय भाव आहे, हे सांगणारा तो व्यवहारी माणूस होता. १३१८ मध्ये त्याने 'दव्वपरिक्खा' हा नाण्यांच्या कसाविषयीचा ग्रंथही लिहिला. त्याचे हे ग्रंथ कित्येक शतके अज्ञात होते. कलकत्त्याच्या एका ग्रंथभांडारातील जुन्या हस्तलिखितात ते अगरचंद नाहटा आणि भंवरलाल नाहटा या काका-पुतण्यांना सापडले, आणि १९६१ मध्ये जोधपूरहून प्रसिद्ध झाले. आपल्या भांडारांतून पोथ्या जपणाऱ्या पूर्वजांचे आणि त्या उघडून वाचणाऱ्या अभ्यासकांचे हे उपकार आहेत.

खाणीवरचा बाजार

फेरूनंतरच्या काळातील दोन परदेशी साक्षीदार महत्त्वाचे आहेत. पहिला गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता. त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. हिरा हातोड्याने फुटत नाही, ही सर्वत्र पसरलेली समजूत त्याने स्पष्ट शब्दांत खोडून काढली. कौटिल्याने सांगितलेली आघात सहन करण्याची कसोटी येथे मागे पडते. काठिण्य आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिरा सर्वांत कठीण असल्याने त्यावर ओरखडा उठत नाही, पण विशिष्ट दिशेने घाव बसल्यास तो फुटतो. हातोड्याच्या परीक्षेत कित्येक अस्सल हिरे चूर झाले असतील!

दुसरा साक्षीदार फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए. सतराव्या शतकात त्याने गोवळकोंड्याच्या राज्यातील खाणींना भेटी दिल्या. तेथे दहा ते सोळा वर्षांची व्यापाऱ्यांची मुले झाडाखाली तराजू आणि पैशांची थैली घेऊन बसत. कोणी खडा आणला की तो सर्वांत मोठ्या मुलाच्या हाती जाई, मग एकाकडून दुसऱ्याकडे फिरे, आणि कोणी एक शब्दही बोलत नसे. असे शिक्षण कोणत्या महाविद्यालयात मिळणार? मोठ्या व्यापाऱ्यांचा सौदा वस्त्राखाली हात धरून होई. पूर्ण हात धरला तर हजार, एक बोट धरले तर शंभर. आपल्याकडील जनावरांच्या बाजारात रुमालाखाली होणारे सौदे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना यात नवल वाटणार नाही.

परीक्षेच्या रीतीही ताव्हेर्निएने टिपल्या आहेत. भारतीय व्यापारी रात्री भिंतीतील कोनाड्यात मोठ्या वातीचा दिवा ठेवून त्यापुढे खडा धरीत आणि त्याचे पाणी व डाग पाहत. निळसर छटा ओळखण्यासाठी घासलेला खडा दाट पानांच्या झाडाच्या सावलीत नेला जाई. आणखी एक निरीक्षण त्याने केले आहे. खडा स्वच्छ असेल तर येथील कारागीर वजन घटू नये म्हणून त्याला सहाणेचा केवळ स्पर्श करीत. परंतु आत डाग असेल, तर तो दिसू नये म्हणून सर्व अंगावर पैलू पाडीत. वजन राखावे की तेज वाढवावे, हा वाद पुढेही चालूच राहिला. १८५२ मध्ये लंडनला कोहिनूरला नव्याने पैलू पाडले, तेव्हा सुमारे १९१ कॅरटचा तो हिरा १०५.६ कॅरटवर आला.

नवी मापे

विसाव्या शतकात या पारखेला सर्वत्र सारखी मापे मिळाली. १९०७ मध्ये मेट्रिक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम हे वजन आंतरराष्ट्रीय परिषदेत संमत झाले. १९१९ मध्ये मार्सेल टोलकोव्हस्की याने गोल हिऱ्याच्या पैलूंचे गणित मांडले. १९३१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या जीआयए या संस्थेने पुढे वजन, रंग, शुद्धता आणि घडण अशा चार अंगांची श्रेणी रूढ केली. रंगहीन हिऱ्याला डी, तेथून पिवळेपणा वाढत झेडपर्यंत. शुद्धता दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहायची.

या चौघांत सामान्य ग्राहक वजनाकडे अधिक पाहतो आणि घडणीकडे कमी. वास्तविक हिऱ्याची चमक मुख्यतः घडणीवर अवलंबून असते. पैलूंचे कोन बिघडले तर वरून शिरलेला प्रकाश खालून निघून जातो आणि शुद्ध हिराही निस्तेज दिसतो. रंग पाहताना हिरा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून, दिवसाच्या सौम्य उजेडात पाहावा. दुकानातील प्रखर दिव्यांखाली सर्वच हिरे सुंदर दिसतात. घडण मागून उघडी असावी. प्रमाणपत्रावरील क्रमांक बहुधा हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो, तो भिंगातून जुळवून घ्यावा. आणि हॉलमार्क केवळ सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो, हिऱ्याची नव्हे, हे विसरू नये.

डोळा जेथे थकतो

यानंतरचा भाग मात्र फेरूच्या स्वप्नातही नसेल. १९५४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत मानवनिर्मित हिरा तयार झाला. आज सुरतेतही असे हिरे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला ७.५ कॅरटचा असाच हिरा भेट दिला होता. हा काचेचा खडा नव्हे. तो शुद्ध कार्बनचाच, तितकाच कठीण, तितकाच तेजस्वी. नुसत्या डोळ्यांनी किंवा साध्या भिंगाने तो खाणीतील हिऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही, त्यासाठी खास यंत्रे लागतात. दरात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो मानवनिर्मित म्हणून घेतला तर त्यात गैर काहीच नाही. खाणीतला म्हणून विकला तर ती फसवणूक आहे.

येथे आपल्या आचार्यांची आठवण होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत मापात कमीजास्त करणे आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे एका वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरी देणे, यांचा समावेश आहे. खिसा कापला नाही तरी ती चोरीच, असे हे शास्त्र सांगते. आमच्या कुड्यांचा व्यवहारही याच कसोटीवर लावावा लागेल.

मुंबईच्या जवाहिरांच्या बाजारात श्रीमद् राजचंद्र (१८६७–१९०१) यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. हिरे-मोत्यांचे ते उत्तम पारखी होते, असे महात्मा गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे. हिऱ्यांचा भाव अकस्मात चढला आणि ठरलेल्या दराने माल द्यावा लागला तर समोरचा व्यापारी बुडणार, हे दिसताच त्यांनी सौद्याचा कागद फाडून टाकला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. खडा पारखणाऱ्याने माणसाची अडचणही पारखली.

फेरूने हेमपालाला डोळा दिला. आज आपल्या समाजातील अनेक तरुण सुरत आणि मुंबईच्या हिरे बाजारात काम करीत आहेत. त्यांच्याजवळ यंत्रे आहेत, प्रमाणपत्रे आहेत. पण प्रत्येक ग्राहकाजवळ यंत्र नसते. लग्नाच्या घाईत आलेला बाप अजूनही ओळखीवरच खरेदी करतो, जशी माझ्या वडिलांनी केली. त्याने बिल मागावे, त्यावर 'नैसर्गिक' की 'प्रयोगशाळेत निर्मित' हे स्पष्ट लिहून घ्यावे, प्रमाणपत्र जुळवावे. ओळख असली तरी हे मागण्यात संकोच नसावा. आणि विक्रेत्याने ते न मागता द्यावे. सम्यक् दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य यांना रत्नत्रय म्हणणाऱ्या समाजाकडून एवढी अपेक्षा करणे अवाजवी ठरू नये.

मातोश्रींच्या त्या कुड्या आम्ही विकल्या नाहीत. मागून उघड्या घडणीत करून घेतल्या. हिरे पिवळसर आहेत, एकाला चीर आहे, हे एका चिठ्ठीवर लिहून ती डबीत ठेवली आहे. पुढे ज्या सुनेच्या कानात त्या जातील, तिला ते ठाऊक असावे.

लेखनात काही चूक अथवा अविनय झाला असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!