कोकोस बेट : समुद्राचें दफ्तर

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें रुमालांत बांधलेलीं दफ्तरें, मोडी पत्रें, ताम्रपट आणि शिलालेख उभे राहतात. जेथें माणसानें कांहीं लिहून ठेविलें नाहीं, तेथें इतिहास मुका होतो. मग समुद्राचा इतिहास लिहावा तरी कसा? पाण्यावर अक्षर उमटत नाहीं. जहाज पुढें गेलें कीं त्याची वाट मागें मिटून जाते. आणि पाण्याच्या पोटांत जे जीव युगानुयुगें वावरत आले, त्यांनीं आपली बखर कोणाला सांगितलेली नाहीं. तथापि पॅसिफिक महासागरांत असें एक लहानसें बेट आहे कीं, त्याच्या सभोंवतीच्या पाण्याचें दफ्तर गेल्या शंभर वर्षांत थोडथोडें करून तयार झालें आहे. तें कोणी तयार केलें आणि त्यावरून काय सिद्ध होतें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

या बेटाचें नांव कोकोस. मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका देशाच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारें ५५० किलोमीटर अंतरावर तें एकटेंच उभें आहे. क्षेत्रफळ अवघें २४ चौरस किलोमीटर. पण पाऊस इतका कीं कड्यांवरून जागोजाग धबधबे थेट समुद्रांत कोसळतात. सोळाव्या शतकांत तें स्पॅनिश नावाड्यांस ठाऊक झालें. पुढें गोड्या पाण्याच्या आशेनें चांचे आले, देवमाशांची शिकार करणारे आले. आणि चॅथम उपसागराच्या कांठच्या शिळांवर आपापल्या जहाजांचीं नांवें कोरून गेले. या बेटाचे शिलालेख म्हणावयाचे ते हेच.

परंतु बेटाला कीर्ति मिळाली ती खजिन्याच्या दंतकथेनें. इ. स. १८२० च्या सुमारास, स्पॅनिश सत्तेच्या अखेरच्या दिवसांत, लिमा शहरांतील सोनेंनाणें सुरक्षिततेसाठीं एका जहाजावर चढविलें गेलें आणि कप्तानानें तें पळवून कोकोसवर पुरलें, अशी ती कथा. ऑगस्ट गिस्लर नांवाचा जर्मन गृहस्थ इ. स. १८८९ मध्यें तिच्या मागें येथें आला. कोस्टा रिकाच्या सरकारनें इ. स. १८९७ मध्यें त्याला बेटाचा गव्हर्नरही नेमिलें. इ. स. १९०८ पर्यंत तो माती उपशीत राहिला. आणि जवळजवळ दोन दशकांच्या त्या तपश्चर्येचें फळ म्हणून त्याच्या हातीं मूठभर नाणीं लागलीं! इ. स. १९२६ मध्यें मोटारींच्या शर्यतींत नांव मिळविलेला माल्कम कॅम्बेल आला, तोही रिकाम्या हातीं परतला. या मंडळींनीं बेटावर मागें ठेविलें काय, तर खड्डे आणि बोगदे. समुद्राकडे त्यांची पाठच होती.

समुद्राकडे तोंड करून उभा राहणारा मनुष्य कॅम्बेलच्या आदल्याच वर्षीं येऊन गेला होता. न्यूयॉर्कच्या प्राणिशास्त्रीय संस्थेचा विल्यम बीब हा ‘आर्क्टुरस’ जहाजावरून इ. स. १९२५ मध्यें कोकोसला आला. तांब्याचें शिरस्त्राण डोक्यावर घालून, नावेंतून पंपानें सोडलेली हवा नळीवाटे घेत, तो पाण्याखालीं उतरे. शार्क म्हणजे मनुष्य दिसतांच झडप घालणारा राक्षस, अशी त्या काळीं सर्वत्र समजूत. बीबच्या भोंवतीं शार्क फिरले, त्याला न्याहाळून निघून गेले, अंगावर आले नाहींत. पाहिलेलें त्यानें लिहून ठेविलें. आमच्या दफ्तराचें पहिलें पान तें हें.

शार्क हा शब्द परका वाटला तरी प्राणी परका नव्हे. कोंकणांत त्याच्या लहान जातींस मुशी व मोरी म्हणतात, आणि मोरीचें कालवण किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत आवडीनें होतें. परंतु ज्याला आपण ताटांत ओळखतों त्याला पाण्यांत ओळखणारे लोक जगांत फार थोडे होते. ती ओळख वाढविण्याचें मोठें श्रेय व्हिएन्नाच्या हान्स हास यास द्यावें लागतें. विद्यार्थिदशेंतच, इ. स. १९३९ मध्यें, कॅरिबियन समुद्रांतील कुरासाव व बोनेर या बेटांपाशीं पाणबंद पेटींत कॅमेरा ठेवून त्यानें शार्कांचीं छायाचित्रें घेतलीं. पुढें त्यानें ‘झारिफा’ नांवाचें शिडाचें जहाज मिळवून त्याची तरती प्रयोगशाळा बनविली. तींत शास्त्रज्ञ होते, छायाचित्रकार होते. पत्नी लोट्टे ही तर स्वतः पाण्याखालीं चित्रें घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकीं एक. इ. स. १९५३-५४ च्या सफरींत हें जहाज गॅलापागोस बेटांस व कोकोसला गेलें.

हासची युक्ति साधी पण महत्त्वाची होती. त्याच्या श्वसनयंत्रांतून बुडबुडे सुटत नसत. पाण्यांतील जनावराला बुडबुड्यांचा खळखळाट म्हणजे वैऱ्याची चाहूल; तो थांबला म्हणजे मनुष्य हा आणखी एक मासा ठरतो. बंदूक घेऊन जाणाऱ्याला जनावर पळतांना दिसतें किंवा चवताळलेलें दिसतें. स्वस्थ बसून राहणाऱ्याला तें आपल्या संसारांत मग्न असलेलें दिसतें. तिन्ही पाहणीं खरीं. पण इतिहासाला उपयोगी पडतें तें तिसरें.

दुर्दैव असें कीं, लोकांच्या मनावर ठसा उमटला तो मात्र निराळ्याच चित्रांचा. पीटर बेंचली यांची ‘जॉज्’ ही कादंबरी इ. स. १९७४ मध्यें निघाली, पुढच्याच वर्षीं तिचा चित्रपट झाला, आणि पोहणाऱ्यांच्या मनांत कायमची धडकी बसली. खुद्द बेंचली यांनीं उत्तरायुष्यांत शार्कांच्या रक्षणासाठीं लेखणी झिजविली, हें त्यांना भूषणावह आहे; पण एकदां सुटलेली अफवा मागें घेतां येत नाहीं.

आज कोकोसला जाणारा प्रवासी पुंतारेनास बंदरांतून निघतो. सुमारें दीड दिवस समुद्र तुडविल्यावर बेट दिसतें. प्रवाशांस तेथें रात्रीं मुक्काम करूं देत नाहींत. म्हणून जहाज हीच त्यांची धर्मशाळा, भोजनगृह आणि कॅमेरे उघडून पुसण्याची खोली. दिवसांतून तीन वेळां लहान होडींतून जावें, खडकाच्या कपारीस धरून पाऊणशें-शंभर फुटांवर बसावें आणि वाट पाहावी. कानमुशी, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क, हिचे थवे खोल निळ्या पाण्यांतून वर येतात. खडकापाशीं पिंवळे बार्बरफिश, म्हणजे अक्षरशः न्हावी-मासे, त्यांची वाट पाहत असतात व त्यांच्या अंगावरचे परोपजीवी कीटक टिपतात. गर्दींतली एक कानमुशी आपली गति मंद करते, अंग किंचित् कलतें करते, आणि तो लहानसा कारागीर निर्भयपणें कामाला लागतो. पाणबुड्यानें श्वास सोडला, बुडबुडे उडाले, कीं सारा दरबार उधळतो. म्हणून हॉवर्ड हॉल यांनीं कोकोसवर ‘आयलंड ऑफ द शार्क्स’ हा मोठ्या पडद्याचा चित्रपट काढला (इ. स. १९९९), तेव्हां त्यांनींही बुडबुडे न सोडणारींच यंत्रें वापरलीं. हासची युक्ति अशी अर्धशतकानंतरही टिकली.

या स्नेहाचें चित्र एकांगी होऊं नये म्हणून दुसरी बाजूही सांगणें प्राप्त आहे. इ. स. २०१७ च्या नोव्हेंबरांत याच पाण्यांत एका वाघ-शार्कनें पाहुण्या पाणबुडीबाईचा प्राण घेतला व तिच्या मार्गदर्शकास जखमी केलें. शार्क राक्षस नव्हे, तसा तो पाळीवही नव्हे. त्याच्या घरीं आपण बिनबोलावितां जातों, एवढें विसरूं नये.

आतां या दफ्तराच्या सर्वांत मोलाच्या भागाकडे वळूं. तो कोणा पंडितानें लिहिलेला नाहीं. पाणबुड्यांस घेऊन जाणाऱ्या मार्गदर्शकांनीं इ. स. १९९३ पासून प्रत्येक बुडीनंतर, कोणता प्राणी किती दिसला, याची नोंद वहींत करून ठेविली. कारकुनी म्हणावी तर ही अगदीं साधी कारकुनी. परंतु इ. स. २०१३ पर्यंत अशा २७ हजारांहून अधिक बुड्यांची नोंद जमली, आणि इ. स. २०१५ मध्यें शास्त्रज्ञांनीं ती तपासून प्रसिद्ध केली, तेव्हां निष्कर्ष निघाला तो चटका लावणारा होता. कानमुशींचें दिसणें ४५ टक्क्यांनीं घटलें होतें. पांढऱ्या टोकांचे पर असणाऱ्या शार्कांचें ७७ टक्क्यांनीं. वाघ-शार्कांसारख्या कांहीं थोड्या जाती मात्र वाढल्या होत्या.

आणि हें घडलें कोठें? तर इ. स. १९७८ पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या, इ. स. १९९७ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशांत गणल्या गेलेल्या बेटापाशीं! कायद्याचें कुंपण बेटाभोंवतीं थोड्याच अंतरावर संपत होतें. कानमुशी त्या पलीकडे शेंकडों मैल जाते, आणि तेथें लांब दोऱ्यांना लाविलेले गळ तिची वाट पाहत असतात. कुंपणाच्या आंतही चोरटी मासेमारी होतच होती. पुष्कळदां केवळ सूपासाठीं पर कापून घेऊन धड समुद्रांत टाकून देतात. इ. स. २०१९ मध्यें कानमुशीची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. अखेर इ. स. २०२१ च्या डिसेंबरांत कोस्टा रिकानें उद्यानाची सागरी हद्द वाढवून ५४ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक केली. कुंपण मोठें झालें. राखण करणाऱ्या नौका तितक्या वाढल्याखेरीज त्याचा उपयोग पुरता होणार नाहीं, हेंही उघड आहे.

ही घट आपणांस कळली ती कशामुळें, याचा विचार करावा. मनुष्याला आपल्या पहिल्या दर्शनापासूनचेंच स्मरण असतें. आज प्रथम जाणाऱ्याला पन्नास कानमुशी दिसल्या तर तो धन्य होऊन परततो. पूर्वीं तेथें किती होत्या हें त्याला ठाऊक नसतें, म्हणून काय गेलें याचें त्याला दुःखही नसतें. बीबचें लेखन, हासचीं चित्रें आणि मार्गदर्शकांची ती वही नसती, तर कानमुशी बिनबोभाट कमी होत गेल्या असत्या आणि सगळें पूर्वींसारखेंच आहे असें प्रत्येक पिढीनें मानलें असतें. आपल्या जुन्या घराण्यांतलीं कागदपत्रें वाळवीच्या मुखीं पडलीं, तेव्हां काय हरवलें हेंही आपल्याला कळलें नाहीं; समुद्राच्या बाबतींतही तोच न्याय लागू पडतो.

ज्यांनीं कोकोसची भूमि खणली त्यांना खजिना सांपडला नाहीं, आणि ज्यांनीं त्याच्या पाण्यांत नुसतें पाहिलें व टिपून ठेविलें, त्यांनींच तेथें संपत्ति होती हें सिद्ध करून दाखविलें. ती किती उरली हेंही त्यांनींच सांगितलें. नोंद करणाऱ्यानें आपलें काम केलें आहे. पुढचें पान कोणत्या आंकड्यानें भरावयाचें, हें आतां राखणदारांच्या हातीं आहे.