थोरलं देवघर, धाकटं देवघर

वाडा म्हटलं की आपल्याला नगारखाना, दिंडी दरवाजा आणि मिशीला पीळ देणारा मालक दिसतो. हे सगळं सिनेमानं करून ठेवलंय. शब्दाचं कूळ तपासलं तर वाडा मूळचा अगदी गरिबाघरचा निघतो. संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण, किंवा कुंपण घातलेली जागा. त्याचं झालं ‘वाड’, आणि पुढे वाडा. धनगर रात्री मेंढरं कोंडतो तोही वाडाच. वाडी, वाडगं ही त्याचीच भावंडं. मारवाड, काठेवाड त्याच गोत्रातले, आणि आपला मराठवाडाही. आधी काट्यांचं कुंपण आलं, मग भिंत, मग भिंतीला बुरूज आणि शेवटी मालकाला ऐट.

मराठवाड्यात, अंबाजोगाईच्या मुलखात, भिंतीची माती गावातूनच यायची. गावठाणाची ती पांढरी, शेताची ती काळी. म्हणून तर ‘पांढरी’ म्हणजे गाव आणि ‘काळी’ म्हणजे रान. गढ्या रचल्या गेल्या त्या पांढरीच्या मातीनं, आणि माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, पसरली तीही तीच. सागवानी तुळया, त्यांवर आडव्या काड्या-फळ्या, वर चिखलाचा थर आणि सर्वांत वर ही खारट माती. खारट असल्यामुळे तिच्यात गवत रुजत नाही. तरीही दर उन्हाळ्यात मृगाच्या आधी वर चढून नवा हात द्यावा लागे. उजेडासाठी ठेवलेल्या सवण्यावर पाऊस आला की घमेलं पालथं घालायला कुणीतरी धावायचं. आत शिरलं की देवडी, बसाउठायला ढाळज, मधे चौक, मग ओसरी, माजघर. धान्याला बळद. आणि माजघराला लागून, अंधाऱ्या कोपऱ्यात, देवघर.

हा क्रम ध्यानात ठेवा, कारण अंबाजोगाईत तो उलटा झाला आहे. इथं संतकवी दासोपंतांच्या वंशजांची दोन घरं आहेत आणि गाव त्यांना वाडा म्हणत नाही. एक थोरलं देवघर, दुसरं धाकटं देवघर. नावात देव आहे आणि भाऊबंदकीही. शेतीच्या वाटण्यांत थोरली पाती, धाकटी पाती म्हणतात ना, तोच हा सूर. एरवी घरात देवघर असतं. इथं देवघरात घर नांदतं. देवाचा नैवेद्य आणि पोरांचा डबा एकाच उंबऱ्याच्या आत.

वास्तविक दासोपंत वाडेवाल्याच्याच पोटी आले. जन्म शके 1473 चा, म्हणजे 1551 चा. गाव नारायणपेठ, वडील दिगंबरपंत देशपांडे, बीदरच्या अमलाखालचे वतनदार. वसूल थकला तेव्हा बीदरच्या सुलतानानं पोराला ओलीस ठेवलं, अशी कथा आहे. मुदतीत रक्कम आली नाही तर बाटवणार, असा हुकूम. ऐनवेळी दत्ताजी पाडेवार नावाचा कुणी इसम पैसे भरून पसार झाला. तो साक्षात दत्त होता असं भक्त मानतात. चरित्रकथेतला चमत्कार ज्यानं त्यानं आपापल्या श्रद्धेनं घ्यावा. मला त्यात वतनदारीचं भय जास्त दिसतं: सारा थकला तर वतनदाराचं पोर गहाण पडायचं. पुढे दासोपंतांनी ते ऐश्वर्य सोडलं आणि अखेर अंबाजोगाईला राहिले. मराठीचा आद्य ग्रंथ मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी याच गावची. दासोपंतांनी देह ठेवला 1615 मध्ये, तोही इथंच.

लिहिण्याचा त्यांचा झपाटा वाड्याच्या ऐटीला शोभेलसा होता. एकट्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या सव्वा लाख भरतात, असं सांगतात. आणि कागदानं भागेना म्हणून की काय, पंचीकरणावर, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी होते त्या विचारावर, लिहिलं ते थेट पासोडीवर. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं कापड. हिची लांबी सुमारे 40 फूट आणि रुंदी 4 फूट. थंडीत पांघरायच्या वस्तूवर वेदान्त! आकृत्या काढून, ओळीखाली ओळ लावून लिहिलेलं हे कापड टिकलं ते एका कुटुंबानं पिढ्यान्‌पिढ्या जपलं म्हणून. पुण्याचा शनिवारवाडा 1732 मध्ये नांदता झाला आणि 1828 च्या आगीत आतून संपला. पासोडी त्याहून जुनी.

मराठवाड्यातल्या बाकीच्या वाड्यांची गत निराळी. 1948 च्या सप्टेंबरात निजामी राजवट गेली, 1949 मध्ये हैदराबादेतल्या जहागिऱ्या गेल्या, आणि मोठ्या घरांना पोसणारा पैसा आटला. उरलेला घाव 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे बसला. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावागावांत लोक माळवदाखाली निजायला भिऊ लागले. पत्रा आला, स्लॅब आला. ढाळज हा शब्द आता कुणा पोराला विचारून पाहा.

देवघरांना मात्र जहागिरीवर जगायचं नव्हतं. तिथं पूजा चुकवता येत नाही, आणि पूजा करायची तर घरात माणूस लागतो.

अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला गेलात, तर गावात थोरल्या देवघराची वाट विचारा. चपला बाहेर काढा आणि आधी हाक द्या. ते राहतं घर आहे.