भित्तिपत्रकातली चूक

आठवतो ना जिन्याजवळचा भित्तिपत्रकाचा फळा? ऑगस्ट १९९३, आपण आठवीत. स्वातंत्र्यदिनाच्या अंकात तिरंग्याच्या रंगांचा अर्थ लिहायचं काम माझ्याकडे आलं, अक्षर बरं म्हणून. मी ठळक लिहिलं : केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर सगळ्यांचा. लहानपणापासून हेच ऐकलं होतं.

माझ्या बाकावरची मैत्रीण रोज कल्याणहून लोकलने डोंबिवलीला यायची. तिने वाचलं आणि विचारलं, "मग आमचा पट्टा सगळ्यात खाली का?" मुंबईच्या दंगलींना वर्षही झालं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले. अंक पंधरा दिवस तसाच राहिला.

मी लिहिलं ते अगदीच हवेतलं नव्हतं, जुनं होतं. १९२१ साली पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना दाखवलेल्या झेंड्यात लाल आणि हिरवा असे दोनच रंग होते, हिंदू आणि मुसलमानांचे. इतरांसाठी पांढरा गांधीजींनी घालायला लावला. चरख्याची कल्पना लाला हंसराज यांची. पण गंमत पाहा, पांढरा सगळ्यात वर होता, मध्ये हिरवा आणि हिंदूंचा लाल तळाला! संख्येने मोठा असेल त्याने खाली राहून लहानांना आधार द्यायचा, हा गांधीजींचा विचार. म्हणजे पट्टे धर्मांचे होते तेव्हा तळाला आम्हीच होतो.

या वाटणीवर आक्षेप आले, शिखांनीही आपला रंग मागितला. १९३१ साली काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तीत काका कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकर होते. समितीने एकरंगी केशरी झेंडा सुचवला, तो मान्य झाला नाही. ऑगस्टमध्ये, आपल्या मुंबईतच, अखिल भारतीय काँग्रेस समितीने केशरी-पांढरा-हिरवा हा क्रम ठरवला आणि रंगांना धार्मिक अर्थ नाही हेही स्पष्ट केलं. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा शांती आणि सत्याचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. माझं भित्तिपत्रक ६२ वर्षं मागे होतं.

पुढचा बदल मला, इंजिनिअर म्हणून, फार आवडतो. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत ठराव मांडताना नेहरूंनी चरख्याची एक साधी अडचण सांगितली. त्याचं चाक एका बाजूला, चाती दुसऱ्या बाजूला. झेंडा मागून पाहिला की चित्र उलटं दिसणार. म्हणून नुसतं चाक ठेवलं, सारनाथच्या अशोकस्तंभावरचं, २४ आऱ्यांचं. ते दोन्हीकडून सारखंच दिसतं. त्याच दिवशी राधाकृष्णन यांनी हिरव्याचा अर्थ सांगितला, तो मातीशी आणि झाडापानांशी असलेल्या आपल्या नात्याचा. मातीशी नातं सांगणारा रंग खालीच शोभणार, ही मात्र माझी पुस्ती.

ती आता ठाण्यात असते आणि संमेलनाला येणार आहे, असं ग्रुपवर कळलं. हा लेख संपादकांच्या आधी तिला पाठवला आहे.