कारागीर, प्रतीक्षायादी आणि सुऱ्याचे मोल

आमच्या गुढियारीच्या बाजारातला सुरा उद्याही त्याच भावात मिळेल. म्हणून त्याचा कोणी संग्रह करत नाही. अमेरिकन कारागीर बॉब लव्हलेस मागणीनुसार सुरे घडवत. त्यांची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची, म्हणून हाती आलेला सुरा मूळ दरापेक्षा महाग विकला जाई. २०१० मध्ये ते वारले. पुरवठा कायमचा थांबला.

पण केवळ दुर्मिळता पुरत नाही. छत्तीसगड जिंकून घेणाऱ्या नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली. तिचे पाते युरोपीय, त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव. मोल त्या नावाचे आहे.

लक्षात ठेवा : कारागीर हयात असेपर्यंत ‘हे माझे काम’ असे तोच सांगतो. नंतर खऱ्याखोट्याचा निवाडा बराचसा नोंदींवर होतो. आपल्या गावच्या लोहाराचे काम आजच नोंदवा.