देंगाकू : एका सॉसच्या नावातले भातशेत

साहित्याच्या अभ्यासात आपण ओव्या, म्हणी आणि स्थलनामे यांना जेवढे महत्त्व देतो, तेवढे पदार्थांच्या नावांना देत नाही. वास्तविक पदार्थाचे नाव हाही इतिहासाचा पुरावा असतो. जपानी मिसोपासून घरी सहज करता येणारा एक सॉस या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. नवी मुंबईत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर विशेषच.

मिसो म्हणजे सोयाबीन, मीठ आणि कोजी एकत्र वाटून मुरवलेला घट्ट गोळा. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम वाढवलेली बुरशी. आपल्याकडे बुरशी म्हणजे नासाडी. आपले दही किंवा आंबोळीचे पीठ एका रात्रीत तयार होते. मिसोला मात्र अनेक महिने लागतात. मीठ नासवणाऱ्या जंतूंना अडवते आणि बुरशीची विकरे सोयाबीनमधील प्रथिने हळूहळू फोडतात. त्यातून जी चव येते, तिला किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली 'उमामी' हे नाव दिले.

सॉसची कृती सोपी आहे. चार चमचे मिसो, दोन चमचे साखर आणि तीन-चार चमचे पाणी मंद आचेवर घोटावे. चकाकी आली की उतरवून किसलेले आले व भाजलेले तीळ घालावेत. अर्धवट भाजलेल्या वांग्याच्या कापांवर हा लेप देऊन ते पुन्हा भाजतात. पाणी वाढवून थोडे व्हिनेगर घातले की तोच सॉस कोशिंबिरीला चालतो. मासळीला किंवा पनीरलाही लावता येतो. मिसो मुळातच खारट असल्याने वेगळे मीठ घालू नये.

या लेपाच्या पदार्थांना जपानीत 'देंगाकू' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'शेतातले संगीत'. भातलावणीच्या वेळच्या गाण्या-नाचण्यातून देंगाकू हा प्रयोगप्रकार घडला आणि पुढे नो नाट्याच्या जडणघडणीतही त्याचा वाटा राहिला. त्यातला एक नर्तक एका काठीवर तोल सांभाळत नाचे. काडीला टोचलेला तोफूचा तुकडा त्याच्यासारखा दिसतो, म्हणून पदार्थाला ते नाव पडले असे सांगतात. आज देंगाकूचे प्रयोग मोजक्या देवळांच्या उत्सवांपुरते उरले आहेत. नाव मात्र स्वयंपाकघरात टिकून आहे.

आता मिसोचे घटक पुन्हा पाहू : तांदूळ, मीठ, सोयाबीन. यातले पहिले दोन या भूमीचेच होते. खाडीकाठच्या खारजमिनीत भात आणि आगरांत मीठ, यांवर इथला आगरी समाज जगला; 'आगरी' हे नावच मिठाच्या आगरावरून आले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहू लागले. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. शेते गेली, मिठागरेही बहुतेक गेली. 'खारघर'मधला 'खार' आपण रोज उच्चारतो, पण ऐकत नाही.

नाव टिकले म्हणजे स्मृती टिकली असे नव्हे. देंगाकूचा अर्थ जपानी माणसाला तरी आपोआप कुठे कळतो? तो कुणीतरी सांगितलेला, लिहून ठेवलेला असतो, म्हणून उरतो. आगरी बोलीत मिठागराच्या कामाचे, लावणीच्या गाण्यांचे शब्द जाणणारी वडीलधारी माणसे अजून गावठाणांत आहेत, आणि त्यांची नातवंडे आपल्याच वर्गांत बसतात. ते शब्द या पिढीने आजी-आजोबांकडून उतरवून घेतले, तर मराठीच्या अभ्यासाला याहून जवळचा विषय मिळणार नाही. उशीर मात्र चालणार नाही.