शमुवेल : एका नावाचा प्रवास

अपत्य नाही म्हणून हन्ना शिलोच्या मंदिरात अश्रू ढाळीत होती. पुत्र झाला तर तो देवाच्या सेवेस वाहीन, असा नवस तिने केला. पुत्र झाला, परमेश्वरापाशी मागून घेतला म्हणून त्याचे नाव तिने शमुवेल ठेवले, अशी जुन्या करारातील कथा आहे.

हिब्रू व्याकरण मात्र येथे अडते. मागणे या अर्थी धातू आहे 'शाअल'. त्यापासून 'शाऊल', म्हणजे मागितलेला, हे नाव सिद्ध होते. 'शेम' म्हणजे नाव व 'एल' म्हणजे देव. म्हणून शमुवेल म्हणजे 'देवाचे नाव' असे पुष्कळ पंडित मानतात. योगायोग असा, की पुढे लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेलाने ज्यास अभिषेक केला, त्याचे नाव शाऊलच होते.

कोकणातील बेने इस्राएल समाजात हे नाव 'सामाजी' झाले. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या 'शनवार तेल्यां'पाशी हिब्रू ग्रंथ उरले नव्हते. शेमा ही प्रार्थना आणि पूर्वजांची नावे तेवढी उरली होती. त्यांच्यापैकी सामाजी हासाजी दिवेकर कंपनी सरकारच्या सैन्यात असता टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटकेनंतर, १७९६ साली, त्यांनी मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. कृतज्ञतेपोटी बांधले, असे परंपरा सांगते. 'दयेचे द्वार' या अर्थाच्या हिब्रू नावाने ते आज ओळखले जाते.

धातू कोणताही असो. मिळालेले देवास वाहावे, हा हन्नेने नावास दिलेला अर्थ सामाजींनी खरा केला.